क्लेअरच्या बाईसाहेबांचा जमाखर्च: सफकमधल्या एका पायी सहलीबद्दल

मी सत्तावीस वर्षं मेस चालवली. कॉलेजची मुलं, दोन वेळचं जेवण, महिन्याचं कार्ड, रविवारी एकच वेळ. कुणाचं घर कसं चाललंय हे मला आजही त्यांची कोठी बघितल्यावर कळतं, बैठकीची खोली बघून कळत नाही. हे आधी सांगते, कारण पुढचा सगळा अभिप्राय याच नजरेतून लिहिलाय.

मे महिन्यात मी केंब्रिजला मुलीकडे होते. तिने आम्हा दोघींसाठी एक सहल बुक केली. सफक परगण्यातलं क्लेअर हे छोटं गाव, सोबत एक गाईड, अडीच तास चालत फिरायचं, माणशी १८ पौंड. विषय होता एलिझाबेथ डी बर्ग. जन्म १२९५, मृत्यू १३६०. 'लेडी ऑफ क्लेअर' ही तिची ओळख. मी मनात तिचं 'क्लेअरच्या बाईसाहेब' असं करून घेतलं आणि तेच चिकटलं. राजा पहिला एडवर्ड याची ही नात, त्याच्या जोन नावाच्या मुलीची मुलगी. त्या काळातल्या इंग्लंडमधल्या सगळ्यांत श्रीमंत बायकांपैकी एक.

आधी जागेबद्दल. किल्ला बघायच्या इच्छेने जाणार असाल तर तिथे बघण्यासारखं फार थोडं उरलंय. मातीचं एक उंच, उभ्या चढणीचं टेकाड आणि त्याच्या माथ्यावर दगडी भिंतीचा एक तुकडा. १८६५ मध्ये इथे रेल्वे आली ती थेट किल्ल्याच्या आतल्या आवारातून. १९६७ मध्ये ती बंद पडली. आता जुना फलाट आहे, स्टेशनची इमारत आहे, मधे हिरवंगार गवत, आणि लोक कुत्री घेऊन फिरायला येतात. आवारात शिरायला पैसे लागत नाहीत. म्हणजे १८ पौंड जातात ते नुसते सांगण्याचे. सांगणारं माणूस चांगलं नसेल तर हा सौदा तोट्याचा आहे.

आमची गाईड साठीच्या घरातली बाई होती, आधी शाळेत इतिहास शिकवायची. खणखणीत आवाज, हातात कापडी पिशवी. आम्ही नऊ जण होतो. फलाटावर उभं करून तिने सुरुवात केली आणि तिथेच माझी पहिली तक्रार सुरू झाली.

जवळजवळ पाऊण तास नवऱ्यांवर गेला. तीन नवरे होते हे खरं, आणि त्यांच्याशिवाय पुढचं कळत नाही हेही खरं. तेराव्या वाढदिवसाला जेमतेम दोन आठवडे झाले असताना, सप्टेंबर १३०८ मध्ये तिचं पहिलं लग्न झालं, आयर्लंडमधल्या अल्स्टरच्या अर्लच्या, म्हणजे तिथल्या बड्या सरदाराच्या मुलाशी, जॉन डी बर्गशी. ती आयर्लंडला गेली, मुलगा झाला, आणि १३१३ मध्ये नवरा वारला. वय सतरा. पुढच्या वर्षी स्कॉटलंडमधल्या बॅनकबर्नच्या लढाईत तिचा एकुलता सख्खा भाऊ गिल्बर्ट मारला गेला. त्याला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे क्लेअर घराण्याची अफाट जमीन तिघी बहिणींच्या वाट्याला येणार हे ठरलं. आणि त्या दिवसापासून तिचं लग्न ही सगळ्यांच्या हिशेबातली गोष्ट झाली. १३१६ च्या सुरुवातीला ब्रिस्टलच्या किल्ल्यातून थिओबाल्ड डी व्हर्डन तिला घेऊन गेला आणि लग्न लावून मोकळा झाला. आमचं आधीच ठरलं होतं, ती आपणहून बाहेर आली, असं त्याचं सांगणं. सहा महिन्यांत तोही गेला. ती गरोदर होती. एम्सबरीच्या मठात तिने मुलीला जन्म दिला, आणि बाळंतपणाला काही आठवडेच झाले असताना दुसऱ्या एडवर्डने, म्हणजे तिच्या सख्ख्या मामाने, तिचं लग्न आपल्या मर्जीतल्या रॉजर डॅमरीशी लावून दिलं. डॅमरी पुढे राजाविरुद्ध उठला आणि मार्च १३२२ मध्ये टटबरीला मेला. वय सव्वीस. तीन मुलं, तीन वेळा वैधव्य.

ब्रिस्टलचा प्रसंग सांगताना गाईडबाई रंगल्या. रात्र, घोडे, किल्ल्याचं दार. दोघं-तिघं हसलेही. मला ते खटकलं. वीस वर्षांच्या मुलीला उचलून नेलं की ती आपणहून गेली, हे आज कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. पण जिच्या नावावर एवढी अफाट जमीन येऊ घातली होती तिच्या बाबतीत त्याला प्रेमकथा म्हणण्याची घाई कशाला? हे मी नंतर बाईंना बोलून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही, ही त्यांची मोठी गोष्ट.

या भागातली एक गोष्ट मात्र मला नवीन होती आणि ती त्यांनी फार छान उलगडली. भाऊ मेल्यावर जमिनीची वाटणी लगेच झालीच नाही. भावजय मॉड म्हणत राहिली की मी गरोदर आहे. मूल झालं तर सगळं त्याचं, बहिणींना काही नाही. हे गरोदरपण दोन वर्षांहून जास्त चाललं. नऊ महिने उलटून गेले, वर्ष गेलं, तरी राजाचा दरबार थांबलेला, कारण राजाला थांबणंच सोयीचं होतं. जमिनीची वहिवाट तोवर त्याच्याकडे होती. शेवटी नोव्हेंबर १३१७ मध्ये वाटणी झाली. एलिझाबेथच्या वाट्याला क्लेअर आलं, वेल्सच्या बाजूचं अस्क आलं. थोरल्या एलनोरच्या वाट्याला ग्लॅमॉर्गन, आणि तिचा नवरा होता ह्यू डिस्पेन्सर. हे नाव लक्षात ठेवा.

फलाटावरून निघालो आणि टेकाडाच्या पायथ्याशी थांबलो. इथून सहल खऱ्या अर्थाने सुरू झाली.

गाईडबाईंनी पिशवीतून हेझलच्या लाकडाची एक काठी काढली, वीतभर लांब, करंगळीपेक्षा थोडी जाड. त्यावर आडव्या खाचा. याला टॅली म्हणतात. त्या काळी पैसे दिल्या-घेतल्याची पावती अशी असायची. खाचेच्या रुंदीवरून रक्कम कळायची. हजार पौंड म्हणजे तळहाताच्या जाडीची खाच, शंभर म्हणजे अंगठ्याएवढी, वीस म्हणजे करंगळीएवढी, आणि एक पौंड म्हणजे भरल्या जवाच्या दाण्याएवढी. खाचा पाडून झाल्या की काठी उभी चिरायची. एक अर्धुक देणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे. भांडण झालं तर दोन्ही अर्धुकं जोडायची. लाकडाच्या रेषा आणि खाचा जुळल्या तर हिशेब खरा. एकाने गुपचूप खाच वाढवली तर दुसऱ्याच्या तुकड्यावर ती नसणारच.

बाईंनी काठी माझ्या हातात दिली आणि सुरी लावून चिरायला सांगितली. लाकूड करकरत फाटलं, ताज्या सालीचा ओला वास आला, आणि आतला पांढरा गाभा दिसला. दोन्ही अर्धुकं जुळवून बोट फिरवलं तर फट कळत नव्हती. आमच्या दूधवाल्याचा हिशेब असाच होता. त्याच्याकडे एक कॅलेंडर, माझ्याकडे एक कॅलेंडर, दोन्हीकडे रोजची खूण, महिनाअखेर शेजारी ठेवून बघायचं. नऊ जणांत तो कार्यक्रम सगळ्यांत जास्त मला आवडला असणार. एक अर्धुक बाईंनी मला ठेवायला दिलं.

मग त्यांनी प्रत्येकाला एक कागद वाटला. या कागदासाठी मी ही सहल दुसऱ्यांदाही करीन.

बाईसाहेबांच्या घराचे हिशेब शिल्लक आहेत. १३२६ पासून ते त्यांच्या मरणापर्यंतचे सुमारे शंभर दस्त लंडनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. लॅटिन भाषा, चामड्याचे तुकडे एकाला एक शिवून केलेल्या गुंडाळ्या. वर्ष सुरू व्हायचं २९ सप्टेंबरला, मायकलमसच्या सणाला, कारण तोवर पीक घरात आलेलं असायचं. कागदावर अशा रोजकीर्दीतला एक दिवस सोप्या इंग्रजीत मांडला होता, मूळ नोंदींच्या धर्तीवर. लेंटमधला, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांतला शुक्रवार.

मी तो कागद उभ्या उभ्या दोनदा वाचला. वर तारीख, बाईसाहेब कुठल्या गावी आहेत, आणि जेवायला कोण कोण आलं. मग खात्याखात्याने खर्च: पाव-भाकरीची कोठी, पेयांची कोठी, मुदपाकखाना, कोंबड्या-अंड्यांचं खातं, मेणबत्त्या, बाईसाहेबांचा खासा महाल, आणि शेवटी तबेला. आपल्याकडे राजेरजवाड्यांचे अठरा कारखाने असत, कोठी, आबदारखाना, पागा, तसंच. मुलीला हे सांगितलं तर तिने गाईडबाईंना सांगितलं, आणि बाईंनी ते शब्द वहीत लिहून घेतले.

आता बघा त्या हिशेबनिसाची शिस्त. प्रत्येक खात्यात दोन भाग आहेत. एक, रोख देऊन आणलेलं. दुसरा, साठ्यातून काढलेलं. स्वतःच्या गावांतून आलेलं धान्य, स्वतःच्या तळ्यातला मासा, हेही रोजच्या रोज लिहिलेलं आहे. हे मी पहिल्या तीन वर्षांत केलं नव्हतं. माहेराहून तांदळाची पोती यायची, तो तांदूळ मी वहीत धरतच नव्हते, आणि महिनाअखेर हातात पैसे दिसले की मेस नफ्यात आहे असं वाटायचं. एके वर्षी पाऊस झाला नाही, पोती आली नाहीत, आणि दोन महिन्यांत मला कळलं की ताटाचा दर मी कधी खरा काढलाच नव्हता. घरचं आलेलं फुकट नसतं हे मला खड्ड्यात पडून कळलं. क्लेअरच्या कारकुनाला सातशे वर्षांपूर्वी ते माहीत होतं, आणि बाईसाहेबांनी ते चौतीस वर्षं सांभाळलं.

शुक्रवार म्हणून मांस नाही. लेंट म्हणून अंडी, दूध, लोणीही नाही. खारवलेली हेरिंग मासळी, लाकडासारखा वाळवलेला कॉड मासा. असल्या दिवसांत खर्च कमी होतो असं वरवर वाटतं. आषाढी एकादशीला मेसमध्ये साबुदाणा, शेंगदाणे, तूप, बटाटे, रताळी यांचा जो आकडा यायचा तो रोजच्या पोळी-भाजीच्या दीडपट. इथेही तसंच. गडीमाणसांना हेरिंग, पण वरच्या टेबलावर ताजा मासा हवा, आणि ताजा मासा महाग. उपवासाच्या दिवशी मोठ्या घराची ऐपत दिसते ती इथे.

एल नावाची बिअरसारखी दारू घरच्या घरी बनायची. तेव्हा त्यात हॉप्स, म्हणजे बिअर टिकवणारी कडवट फुलं, घालत नसत, त्यामुळे ती चार-आठ दिवसांत आंबट व्हायची, म्हणून पुन्हा पुन्हा करावी लागायची. दह्याचं विरजण जसं. साठवून ठेवता येत नाही, म्हणून उद्या किती माणसं येतील याचा अंदाज आज लागतो. वाइन फ्रान्समधल्या गॅस्कनीहून. मसाल्यांत मिरी, सुंठ, दालचिनी, केशर, सगळं तोलूनमापून. आणि बाई म्हणाल्या की अशा घरांत तांदूळसुद्धा मसाल्यांच्या यादीत असायचा, बदामाच्या शेजारी, कारण तो समुद्रापलीकडून यायचा. माझ्या माहेरच्या पोत्यांचा विचार करत मी ती ओळ पुन्हा वाचली.

तबेल्याच्या नोंदीवर माझी आणि गाईडबाईंची खरी गट्टी जमली. रोज रात्री किती घोडे बांधलेले आहेत याचा आकडा लिहिलेला असतो. बाई म्हणाल्या, सहलीला येणारे बहुतेक लोक ही ओळ सोडून देतात. मी म्हटलं, मी सोडणार नाही, कारण घोड्यांवरून पाहुणे कळतात. मी रोज संध्याकाळी साडेसातला दारातल्या चपला मोजायचे आणि आत सांगायचे, आणखी अडीच किलो कणीक भिजवा. मुलांना विचारलं तर ती कधी खरं सांगायची नाहीत, मित्राला घेऊन यायची. चपला खोटं बोलत नाहीत. बाई थांबल्या आणि म्हणाल्या, हे मी पुढच्या सहलीत सांगणार. सांगोत.

मग वर चढलो. वळणावळणाची पायवाट आहे, तरी दम लागतो. गुडघेदुखी असेल तर सावकाश जा, वर बसायला सोय नाही, आणि मे महिन्यातही वारा असा की कानात बोळे घालावेसे वाटतात. इथे गाईडबाईंनी मधेच एक नाव घेतलं. किल्ल्याच्या बुरुजांपैकी एकाचं नाव होतं ऑडिटर्स टॉवर. हिशेबतपासनिसांचा बुरूज! बाकीच्यांची नावं मेडन्स टॉवर, कॉन्स्टेबल टॉवर, ऑक्सफर्ड टॉवर. जिथे शत्रूवर नजर ठेवायची तिथे एक बुरूज गावागावांच्या कारभाऱ्यांचे हिशेब तपासण्यावरून ओळखला जातो, याचा अर्थ त्या घरात कशाला महत्त्व होतं ते तुम्हीच बघा. आज त्या बुरुजाचा दगडही दाखवता येत नाही. माझं म्हणणं असं आहे की सहल इथून सुरू करायला हवी, फलाटावरच्या ब्रिस्टलच्या रात्रीपासून नाही.

वर उभं राहून मी विचारलं, तिच्या जमिनीचं पुढे काय झालं. प्रश्न विचारला नसता तर हा भाग आम्हाला मिळाला नसता असं मला वाटतं, कारण वेळ संपत आली होती. हे त्यांच्या आखणीतलं सर्वांत मोठं वैगुण्य.

डॅमरी मेल्यावर तिला मुलांसकट बार्किंगच्या मठात ठेवलं. थोरल्या बहिणीचा नवरा डिस्पेन्सर तेव्हा राजाच्या डोक्यावर बसला होता. त्याच्याकडे ग्लॅमॉर्गन होतं, शेजारचं अस्क हवं होतं. तिला सांगण्यात आलं की अस्क दे, बदल्यात वेल्समधलंच गावर नावाचं वतन घे. गावर कमी उत्पन्नाचं. १३२२ च्या नाताळात राजाने तिला यॉर्कला बोलावलं. तिथे तिचे सल्लागार तिच्यापासून तोडले, तिला अडकवून ठेवलं, आणि शिक्का मारल्याशिवाय काहीही परत मिळणार नाही असं बजावलं. तिने शिक्का मारला. नंतर गावरही कोर्टकज्जे करून तिच्याकडून काढून घेतलं गेलं.

आपल्याकडे याला एक शब्द आहे. हक्कसोड.

माझे यजमान गेले तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. तेराव्यानंतर आठवड्याने धाकटे दीर स्टँपपेपर घेऊन आले. "वहिनी, नुसती सही करा, कागदोपत्री आहे, तुमचं काही जात नाही." सासूबाई शेजारी बसलेल्या, माझे भाऊ अजून गावाहून यायचे होते. मुलगी पाच वर्षांची, मांडीवर झोपलेली. मी सही केली. विहिरीसकट साडेतीन एकर. पुढे मेस काढली, मुलीला शिकवलं, ते सगळं झालं. पण त्या दिवसाबद्दल मी कुठेच काही लिहून ठेवलं नाही. वकिलाकडे नाही, माझ्या स्वतःच्या वहीतही नाही. लिहून ठेवता येतं हे मला माहीत नव्हतं.

बाईसाहेबांनी लिहून ठेवलं. मे १३२६ मध्ये, डिस्पेन्सर अजून सत्तेत असताना, आपली जमीन कशी काढून घेतली, कुठे अडकवलं, काय धमकी दिली, शिक्का कसा मारून घेतला, हे सगळं तिने गुपचूप कागदावर उतरवून घेतलं. तेव्हा तो कागद कुणाच्या हाती लागला असता तर मुलांच्या तोंडचं उरलंसुरलंही गेलं असतं. पुढे काय होणार हे तिला माहीत नव्हतं. राजाचीच राणी इझाबेला सप्टेंबरात त्याच्याविरुद्ध फौज घेऊन उतरली, नोव्हेंबरात डिस्पेन्सरला हिअरफर्डला देहान्त शिक्षा झाली, आणि अस्क तिला परत मिळालं. पण मे महिन्यात यातलं काहीच घडलेलं नव्हतं. एका बाजूला राजा आणि त्याचा लाडका, दुसऱ्या बाजूला तीस वर्षांची बाई आणि एक लेखणीवाला.

गाईडबाईंनी हे कागद न बघता, सलग, आवाज न चढवता सांगितलं. नऊ माणसं गप्प होती. मुलीने माझा हात धरला होता. ब्रिस्टलच्या रात्रीची नक्कल करणारी बाई आणि ही बाई एकच आहे यावर विश्वास बसेना. हा भाग त्यांना मनापासून येतो. तो त्यांनी शेवटी का ठेवावा?

डॅमरी मेल्यानंतर ती अडतीस वर्षं विधवा म्हणून जगली आणि पुन्हा लग्न केलं नाही. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलं, म्हणजे कुणी चौथ्यांदा लग्नाचा घाट घालू नये. तिथल्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा हयातभर मिळायचा. तिला तीन नवऱ्यांकडचं, शिवाय स्वतःचा वारसा. क्लेअर, एसेक्समधलं ग्रेट बार्डफील्ड, केंब्रिजजवळचं अँगलसी, अस्क, आणि १३५२ नंतर लंडनला ऑल्डगेट वेशीबाहेर जोगिणींच्या मठाच्या आवारात बांधलेलं घर, असा मुक्काम हलायचा. १३४३ च्या एका यादीत वर्षाचे कपडे दिलेल्या माणसांची नावं दोनशेच्या वर आहेत, हुद्द्याप्रमाणे कापड आणि अस्तर. एकुलता मुलगा विल्यम १३३३ मध्ये आयर्लंडमध्ये मारला गेला. त्याची तान्ही मुलगी तिची वारस झाली. हिशेब त्या वर्षीही चालू आहेत.

नदीपलीकडे क्लेअर प्रायरी आहे. १२४८ चा मठ, ऑगस्टिनियन साधूंचा इंग्लंडमधला पहिला. बाईसाहेबांची आई जोन तिथे पुरलेली आहे. १५३८ मध्ये मठ मोडला, १९५३ मध्ये साधू परत आले. जागा शांत आहे, जुन्या देवळाची भिंत उभी आहे. आम्हाला तिथे दहा मिनिटं मिळाली. कमी पडली.

दुसऱ्या दिवशी मुलीने केंब्रिजमधलं क्लेअर कॉलेज बाहेरून दाखवलं. १३२६ मध्ये युनिव्हर्सिटी हॉल म्हणून निघालेली आणि पैशाअभावी रखडलेली संस्था बाईसाहेबांनी हाती घेतली, तिला जमिनी-उत्पन्न लावून दिलं, आणि १३५९ मध्ये, मरणाच्या आदल्या वर्षी, नियम घालून दिले. प्लेगने किती माणसं नेली ते त्यात म्हटलंय, आणि विद्येला मोत्याची उपमा दिली आहे. कॉलेजच्या ढालीभोवती काळी किनार आहे आणि तिच्यावर सोन्याचे थेंब. ते तिचे अश्रू असं सांगतात. असतीलही. मला त्या किनारीवर जवाच्या दाण्याएवढ्या खाचा दिसत होत्या.

आता कामाचं. सहल चांगली आहे, गाईड अभ्यासू आहे, गर्दी नाही, आणि १८ पौंडांतले पंधरा तरी त्या हिशेबाच्या कागदाने आणि टेकाडावरच्या अर्ध्या तासाने वसूल होतात. छपाई फार बारीक आहे. चष्मा असूनही मला काही ओळी मुलीकडून वाचून घ्याव्या लागल्या, मोठ्या अक्षरांतली एक प्रत सोबत ठेवायला काय हरकत आहे? स्टेशनच्या बाजूला स्वच्छतागृह आहे, निघण्याआधी जाऊन या. बूट घाला, चपला नकोत, पायवाट निसरडी आहे. लहान मुलांना काठी चिरण्याचा भाग आवडेल, बाकीचा कंटाळवाणा वाटेल. क्लेअरला आता रेल्वे नाही, त्यामुळे गाडी नसेल तर बसच्या वेळा आधी बघून ठेवा.

आणि फलाटावरच, नवऱ्यांची गोष्ट सुरू व्हायच्या आधी, गाईडबाईंना १३२६ च्या त्या कागदाबद्दल विचारून ठेवा. म्हणजे वर पोचाल तेव्हा त्यासाठी वेळ उरलेला असेल.